सूपभर बाजरीची आई

झुंबरबाईला कुणी ‘बसा जरा’ म्हटलं की ती शिक्षा झाल्यासारखी बघते. घोडेगावच्या अलीकडे बोरमळा नावाची बारा-पंधरा घरांची वस्ती आहे, तिथे तिला निवांत बसलेलं पाहिल्याचं कुणी शपथेवर सांगणार नाही. चहा ती अंगणात फिरत पिते. घरात ओटा झाल्यापासून भाकरीसुद्धा उभ्याने थापते. लग्नकार्यात पंगत बसायच्या आत तिने वाढायचं भांडं हातात घेतलेलं असतं, म्हणजे बसायला नको. तिचा नवरा काकासाहेब एकदा बाजेवर टेकला की उठवायला दोन माणसं लागतात. तो म्हणतो, “हिच्या पायाला भिंगरी न्हाई, भिंगरीलाच पाय फुटल्यात.”

अशा बाईला गेल्या मार्चात नगरच्या एका सरकारी कचेरीच्या बाकावर अडीच तास बसावं लागलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या. झुंबरबाईच्या तोंडात नगरच आहे आणि ते बदलायला तिला सवड नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचा शेजारी बिभीषण, आणि दोघांच्या मध्ये बिभीषणची नऊ वर्षांची मुलगी सायली, पाय हलवत. झुंबरबाई दर दहा मिनिटांनी उठून दारातून आत डोकावायची आणि शिपाई दर दहा मिनिटांनी तिला परत बसवायचा.

बिभीषण आणि झुंबरबाई यांच्या घरांची भिंत एकच, आणि अंगणांच्या मध्येही तीच कमरेएवढी होऊन पुढे गेलेली. तो जनावरांचा दलाल. घोडेगावचा बाजार झाला की काष्टी, काष्टी झाला की लोणी, असा त्याचा आठवडा रस्त्यात जातो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको रुपाली काविळीने गेली. तेव्हापासून सायली दोन्ही वेळचं झुंबरबाईकडे जेवते आणि बाप बाहेरगावी असला की तिच्याजवळच झोपते. हे असंच चाललं असतं. पण बिभीषणची थोरली बहीण पुष्पावती, बेलापूरला दिलेली, तिने मनावर घेतलं. लोकाच्या घरी पोर किती दिवस ठेवायची, उद्या वयात येईल, त्यापेक्षा जूनपासून मुलींच्या वसतिगृहात घालू, दोन वेळचं मिळेल आणि शिस्तही लागेल, असं तिचं म्हणणं. बिभीषण बाजारात वाघ, बहिणीपुढे शेळी. त्याने मान हलवली होती.

त्यात अंगणवाडीच्या ज्ञानेश्वरी मॅडमनी बालसंगोपनाचं सांगितलं. आई किंवा बाप गेलेलं लेकरू संस्थेत न टाकता घरी वाढवलं तर सरकार दर महिन्याला दोन हजारांच्या वर काही रक्कम देतं. रुपालीला जाऊन दोन वर्षं झाली होती; पण ज्ञानेश्वरीलाही हे कुणी सांगितलं नव्हतं, तिने ते दुसऱ्या गावच्या सेविकेच्या मोबाईलवर वाचलं. आपल्याकडे योजना असते, ती आहे हे सांगणारं माणूस नसतं. बिभीषणने हिशेब केला, मनातल्या मनात, दलाल करतात तसा. एवढी रक्कम दरमहा बांधून आली तर लांबचे दोन बाजार सोडता येतील, दिवेलागणीला घरी येता येईल, मग पोरीला वसतिगृहात कशाला टाकायचं? झुंबरबाईला एवढंच कळलं, आणि तेवढं पुरे होतं. कागद मंजूर झाला तर पोर भिंतीपलीकडे राहणार, नाही झाला तर जूनमध्ये जाणार. तिने स्वतः तलाठ्याकडे चार फेऱ्या मारून उत्पन्नाचा दाखला काढून आणला. बिभीषण तेव्हा काष्टीला होता.

शेवटी आत बोलावलं. टेबलामागच्या माणसाने कागद उलटसुलट केले आणि तो दोन कागदांवर थांबला.

“मयत कोण?”

“माझी मंडळी,” बिभीषण म्हणाला. “रुपाली.”

“शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या आईचं नाव झुंबरबाई आहे. ही झुंबरबाई कोण?”

झुंबरबाई उभीच होती. “मी,” ती म्हणाली.

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग बिभीषणकडे, मग पुन्हा कागदाकडे. “म्हणजे मुलीची आई जिवंत आहे. समोर उभी आहे. मग प्रकरण कसलं करताय? का दोन संसार आहेत तुमचे?”

जनावराचा जबडा उघडून त्याचं वय सांगणारा बिभीषण, त्याला घाम फुटला. सायलीने खालूनच सांगितलं की ही माझी विकत घेतलेली आई आहे. त्यामुळे प्रकरण सुधारलं नाही.

आता हे विकत घेणं काय ते सांगायला हवं. सायलीच्या आधी रुपालीला दोन मुलगे झाले आणि दोन्ही गेले, एक आठ दिवसांचा, एक तीन महिन्यांचा. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा बिभीषणची आई होती. म्हातारीने फर्मान काढलं की हिला आपली ठेवायची नाही, विकून टाकायची. पूर्वी हे घरोघर चालायचं. ज्या आईची पोरं जगत नाहीत तिचं पोर सुपात घालून शेजारणीच्या उंबऱ्यावर ठेवायचं, शेजारणीने सुपात धान्य ओतायचं आणि पोर उचलायचं. म्हणजे नियतीला वाटतं, हे त्या घरचं नव्हेच. बाराव्या दिवशी झुंबरबाईच्या उंबऱ्यावर सूप आलं. तिने त्यात सूपभर बाजरी ओतली आणि पोर उचललं. अटी दोन. मुलीला घरात कडू म्हणून हाक मारायची, म्हणजे कुणाला ती गोड लागू नये. आणि तिला बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत तिने जन्मदातीला आई म्हणायचं नाही. बारा झाली की सूपभर बाजरी परत द्यायची आणि लेक परत घ्यायची.

यात शास्त्र कुठे आहे असं विचाराल तर कुठेच नाही. पहिली दोन कशाने गेली हे डॉक्टरला विचारायचं सोडून सुपाला विचारलं. पण तिसरी जगली, आणि जगलेल्या पोरापुढे कुणाचं शहाणपण चालत नाही.

पोर राहिली रुपालीकडेच, दूधही तिचंच प्यायली. पण बोलायला लागली तेव्हा रुपालीला म्हणाली काकी आणि भिंतीवरून हाक मारली ती झुंबरबाईला, आई. झुंबरबाईच्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. गावाने विचारायचंही सोडलं होतं, आणि विचारायचं सोडतात तेव्हा बाईला ते विचारण्याहून जास्त लागतं. पहिल्यांदा ती हाक आली तेव्हा ती शेळीला पाला टाकत होती. तिने सगळा भारा एकाच शेळीपुढे टाकला आणि बाकीच्या दोघी ओरडत राहिल्या.

मग शाळा आली. नाव घालायला रुपालीनेच झुंबरबाईला पाठवलं. मी गेले आणि सरांपुढे ती मला काकी म्हणाली तर हसं होईल, आणि आई म्हणाली तर वचन मोडेल, त्यापेक्षा तुम्हीच जा बाई. हेडमास्तरांनी पेन उघडलं आणि विचारलं, तुम्ही या मुलीच्या आई का? एवढ्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. झुंबरबाई म्हणाली, व्हय. नाव सांगा. तिने नाव सांगितलं. चूक झाली असं तिला तेव्हा वाटलं नाही. खरं म्हणजे आतापर्यंत कधीच वाटलं नव्हतं. घरी येऊन तिने काकासाहेबाला सांगितलं तर तो बाजेवरून म्हणाला, “मंग शाळेच्या हिशेबानं तू बिभीषनची झालीस. मला बोलवायचं तरी हुतं लग्नाला.”

आणि एक गोष्ट. रुपाली दवाखान्यात शेवटच्या घटकेला होती तेव्हा झुंबरबाईने सायलीला पुढे ढकललं होतं. म्हण, एकदा तरी आई म्हण. पोर घाबरून गेली होती, पण तिने तोंड उघडलं. रुपालीने हात हलवून तिला थांबवलं. बोलायला त्रास होत होता तरी म्हणाली, “बारा व्हऊ द्या, बाई.” त्या दिवशी दुपारी ती गेली. आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून आई हा शब्द न ऐकता गेली, पोरगी जगावी म्हणून.

कचेरीतल्या माणसाला यातलं निम्मं कळलं. तो वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं आणि सांगितलं, की शाळेतून नाव दुरुस्त करून आणा, जन्माच्या दाखल्यावर रुपालीच आहे तेव्हा ते होईल. या बाईंचं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि समितीपुढे बैठक असते तेव्हा मुलीला घेऊन या. या बाईंनीही यायचं आणि मॅडमसमोर स्वतः सांगायचं, की मी हिची आई नाही.

“पोरीच्या म्होरं?” झुंबरबाईने विचारलं.

“मुलीच्या समोरच. तिचाही जबाब असतो.”

परतताना एसटीत निम्म्या जागा रिकाम्या होत्या. झुंबरबाई घोडेगावपर्यंत उभी राहून आली.

त्यानंतर तीन आठवडे तिने हात लावला नाही असं काम वस्तीवर राहिलं नाही. माळा उतरवून झाडला, गोधड्या धुतल्या, शेळ्यांचा गोठा सारवला, तो वाळायच्या आत पुन्हा सारवला. बिभीषण दोनदा विचारायला आला. एकदा ती म्हणाली शाळेत हेडमास्तर नाहीत. ते होते. दुसऱ्यांदा म्हणाली, सायलीला बारा व्हायला तीन वर्षं आहेत, रुपालीचं वचन आहे, आत्ता मोडलं आणि पोरीला काही झालं तर? बिभीषण आल्या पावली परत गेला. दोन पोरं त्यानेही पुरली होती.

वचनाचं ती खोटं बोलत नव्हती. रात्री सायलीला साधा खोकला आला तरी ती उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायची. पण हे अर्धंच खरं होतं, आणि दुसरं अर्धं तिला माहीत होतं. जगात एक कागद होता ज्यावर तिचं नाव ‘आई’ या रकान्यात लिहिलेलं होतं. तो कागद शाळेच्या कपाटात होता, तिने तो एकदाच पाहिला होता. आता तिने आपल्या पायांनी जाऊन तो खोडायचा होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती बहिणीकडे भिंगारला निघून गेली, पाच दिवस राहीन म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. भिंगारला तिची धाकटी बहीण बनाबाई लष्कराच्या सिव्हिलियन क्वार्टरात राहते, तिचा नवरा तिथे मेकॅनिक आहे. बनाबाईने रात्री सगळं ऐकून घेतलं. सकाळी तिने चहा पुढे ठेवला आणि एकच विचारलं, की तुला काळजी कशाची आहे, पोरीच्या जिवाची का तुझ्या नावाची? झुंबरबाईने चहा तसाच ठेवला, पिशवी उचलली. बनाबाई मागून म्हणत राहिली की अगं जेवून तरी जा.

वस्तीवर पोचली तर बिभीषणच्या अंगणात पुष्पावती आलेली, आणि तिच्याबरोबर नवीकोरी पत्र्याची पेटी. निळा रंग, कडी, कुलूप सगळं होतं. सायली पेटीचं झाकण उघडून आत उभी होती.

“आई, हे बघ, मी मावते,” ती म्हणाली आणि आत उकिडवी बसली. “झाकन लाव की.”

झुंबरबाईने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. झाकणावर पेंटरने पांढऱ्या अक्षरात नाव काढलं होतं. सायली बिभीषण, आणि खाली पत्ता. पत्ता बेलापूरचा होता, पुष्पावतीचा. म्हणजे सुट्टीत पोर कुठे जाणार तेही ठरलं होतं. बोरमळा कुठे नव्हताच.

पुष्पावती बाई वाईट नाही. स्वतःची तीन पोरं मार्गी लावलेली आहेत, भावाच्या पोरीचंही लावायचं तिने ठरवलं, एवढंच. तिने झुंबरबाईला समजावून सांगितलं, की वसतिगृहाचा अर्ज या आठवड्यात भरायचा आहे, तुमचं सरकारी काम काही होताना दिसत नाही, आणि तुम्ही तरी किती करणार. शेवटी शेजार तो शेजार. हे शेवटचं वाक्य तिने मायेनेच म्हटलं. झुंबरबाई पेटीभोवती एक चक्कर मारून घरात गेली, घरातून परसात, परसातून पुन्हा अंगणात.

संध्याकाळी बिभीषण बाजारावरून आला, टॉवेल खांद्यावर, अंगाला जनावरांचा वास. त्याने पाय धुवायच्या आत झुंबरबाई समोर उभी राहिली.

“भावजी, सूप काढा. बाजरी भरा. तुमची लेक तुमी परत घ्या.”

पुष्पावती दारातून म्हणाली, बारा कुठं झालीत अजून? वचनाचं काय?

“रुपानं बारा मागितली ती पोरगी जगावी म्हनून,” झुंबरबाई म्हणाली. “पेटीत भरून लावून द्यावी म्हनून न्हाई. काय दोष लागायचा तो मला लागू द्या.”

बिभीषणने बहिणीकडे पाहिलं, मग आत गेला. सूप तेच होतं, नऊ वर्षांत दोनदा बांधून घेतलेलं. त्याने कणगीतली बाजरी भरली आणि भिंत ओलांडून झुंबरबाईच्या उंबऱ्यावर आला. वस्तीवरची दोनतीन घरं बाहेर येऊन उभी राहिली. काकासाहेब बाजेवर उठून बसला, यावरूनच प्रसंग किती मोठा होता ते कळावं.

झुंबरबाईने सूप घेतलं नाही.

“टॉवेल द्या,” ती म्हणाली.

बिभीषणला आधी कळलं नाही. गुरांच्या बाजारात भाव बोलून ठरत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक दोघांचे हात टॉवेलखाली जातात, बोटं धरून भाव सांगायचा, बोटं सोडून नाकारायचा, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आणि एकदा पंजा दाबला की सौदा झाला. मग बाजाराच्या फाटकापर्यंत जाताना बैल मेला तरी कुणी शब्द फिरवत नाही. बिभीषणच्या बापाने कधी फिरवला नव्हता, त्याने कधी फिरवला नव्हता. बायका यात नसतात. कधीच नसतात. मागून कुणी तरी हसलं.

झुंबरबाईने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

“बोटांचं मला कळत न्हाई. मी तोंडानं सांगते, तुमी दाबायचं. दहावी होईस्तवर पोरगी बोरमळ्यातनं हालायची न्हाई. रातचं जेवन माज्याकडं. तुमी बाजाराला मुक्कामी गेला का झोपायचं माज्याकडं. यवढाच भाव. सरकारनं पैसं दिलं तर बरंच. न्हाई दिलं तरी भाव हाच.”

बिभीषणने मनात हिशेब मांडला. पेच सोपा नव्हता. आज हात दाबला आणि उद्या अर्ज फेटाळला गेला, तर लांबचे बाजारही करायचे आणि पोरीलाही घरी ठेवायचं. बहिणीला दिलेला शब्द वेगळाच. आणि हात टॉवेलखाली होता. तोंडाने दिलेला शब्द त्याने आयुष्यात दहादा फिरवला असेल, हा कधीच नाही, आणि बाईने नेमकं हे ओळखलं होतं.

“आरं, हात काढ,” पुष्पावती म्हणाली.

“आता न्हाई निघत तो,” काकासाहेब बाजेवरून म्हणाला. “म्या चोवीस वर्सं काढतोय.”

लोक हसले. बिभीषणही हसला, पहिल्यांदाच, आणि हसता हसताच त्याने पंजा दाबला. झुंबरबाईने मोठ्याने विचारून घेतलं, दाबला ना? तो म्हणाला, दाबला वयनी. मग तिने सूप घेतलं.

रीतीप्रमाणे लेकीने आता जन्मदातीला आई म्हणायचं. सायलीला रुपालीच्या फोटोपुढे उभं केलं. ती शाळेत हजेरी देतात तशी “आई” म्हणाली. मग वळून तिने विचारलं, “मागचं राहिलंय ते पन म्हनू का?”

तिने आपलं पाच-सहा वेळा म्हणून टाकलं. झुंबरबाई शेळी बांधायला गेली. शेळी बांधलेलीच होती.

पुष्पावती दुसऱ्या दिवशी बेलापूरला गेली, तोंड फुगवून, पण पेटी ठेवून. नेणार कोण, असं म्हणाली.

पुढचं काम झुंबरबाईने तिच्या वेगाने केलं, म्हणजे इतरांना धाप लागेल अशा. हेडमास्तरांना तिने सांगितलं की मी खोटं बोलले होते, आता खरं लिहा. ते बिचारे विचारत होते की बाई, त्या वेळी असं का केलंत? तिने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. प्रतिज्ञापत्रावर सही केली, लिहिलेलं वाचून दाखवू का असं वकिलाने विचारलं तर म्हणाली, काय लिहिलंय ते मला ठाऊक हाय.

समितीची खोली लहान होती. टेबलामागे तीन माणसं, मधली चष्म्याची बाई मुख्य दिसत होती. तिने झुंबरबाईला खुर्ची दाखवली. झुंबरबाई उभीच राहिली. सायली बापाच्या शेजारी, वेणीला नवी रिबीन.

मॅडमनी कागद वाचला आणि वर पाहिलं. “तुम्ही या मुलीच्या आई आहात का?”

तीन वर्षांपूर्वी हेडमास्तरांनी विचारलं होतं तेच. तेव्हा उत्तर द्यायला तिला श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नव्हता. आता पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजून बंद झाला, आणि एका जागी उभं राहून वाट बघणं म्हणजे काय ते झुंबरबाईला पहिल्यांदाच समजलं असावं.

“न्हाई,” झुंबरबाई म्हणाली.

“मग कोण?”

“शेजारीन.”

मॅडमनी लिहून घेतलं. मग सायलीला जवळ बोलावून विचारलं, तुला कुठं राहायला आवडतं? ती म्हणाली, घरी. जेवायला कोण देतं? सायलीने बापाकडे पाहिलं, झुंबरबाईकडे पाहिलं. घरून निघताना तिला पढवलं होतं की तिथे आई म्हणायचं नाही. तिने विचार केला आणि सांगितलं, “ह्या शेजारीन.”

मॅडमच्या चष्म्यामागे काय झालं ते कळायला मार्ग नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की घरभेट होईल, घरासमोर वडिलांबरोबर मुलीचा फोटो काढतील, मग आदेश. वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही.

बाहेर ऊन रटरटत होतं. फाटकाशी रसवंती होती. सायली चालता चालता झुंबरबाईच्या पदराला धरून म्हणाली, “ओ शेजारीन, रस पाजा की.” बिभीषण दचकला. हिला मारावं का पोटाशी धरावं, हे झुंबरबाईला ठरवता आलं नाही. म्हणून तिने तीन ग्लास सांगितले, तिघांनाही मोठे, आणि आपला उभ्याने प्यायली.

मेमध्ये घरभेट झाली. आलेल्या बाईने बिभीषण आणि सायलीला दाराशी उभं केलं. झुंबरबाई शेजारच्या अंगणात धुणं वाळत घालत होती, फोटोत येऊ नये म्हणून भिंतीच्या अलीकडे, आणि एकच चादर तिने तीनदा झटकली.

आदेश अजून आलेला नाही. ज्ञानेश्वरी मॅडम म्हणतात, येईल. बिभीषणने लोणीचा बाजार सोडला, काष्टीचा सोडलेला नाही. सौदा झालाय, पण पोटही आहे. झुंबरबाई दर सोमवारी त्याला कचेरीत फोन करायला लावते आणि तो बोलत असताना त्याच्याभोवती फेऱ्या घालते. जून गेला. वसतिगृह भरलं, सायलीवाचून.

निळी पेटी झुंबरबाईच्या घरात आहे. परत आलेली बाजरी तिने तिच्यात भरून ठेवली आहे, कडुलिंबाचा पाला घालून. नावावर आणि बेलापूरच्या पत्त्यावर चुन्याचा बोळा फिरवायचा तिने ठरवलं आहे, ते तेवढं राहून गेलंय. बाकी सगळी कामं तिने उरकली आहेत.

संध्याकाळी सात-सव्वासातला भिंतीवरून हाक येते. आवाज मुद्दाम जाड केलेला असतो, एखाद्या सासूबाईसारखा.

“ओ शेजारीनबाई. भाकरी झाली का?”

“तुज्या बापाला विचार,” झुंबरबाई तव्यावरून ओरडते, आणि उभ्यानेच तिसरी भाकरी परातीत थापते, कारण पहिल्या दोन तिने आधीच ताटात वाढून ठेवलेल्या असतात.